फुटाला एक सूत

उद्यमनगरातलं ते घर मी घेतलं तेव्हा ओळखीच्या प्रत्येक माणसानं मला एकच प्रश्न विचारला, "पाडून बांधणार ना?" कुणी हसत विचारलं, कुणी काळजीनं. माझा धाकटा भाऊ वृषभ कुरुंदवाडहून फोनवर ओरडलाच. "अक्का, त्या लोखंडाच्या गल्लीत माणसं राहत न्हाईत, भंगार राहतंय!" मी म्हटलं, बरं झालं, माणसांचा मला कंटाळाच आलाय.

गल्लीत एके काळी एकोणीस कारखाने होते म्हणे. इंजिनाचे सुटे भाग करणारे, लेथ चालवणारे, वेल्डिंगवाले. आता तीन उरलेत. बाकीच्या जागांवर पार्किंगसकट उभ्या राहिलेल्या इमारती, एक जिम आणि केकचं एक दुकान. त्यांच्या मधोमध हे घर. अठरा फूट रुंद, बेचाळीस फूट खोल, खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड. पत्रे गंजलेले, जिन्याच्या दोन पायऱ्या गायब, खालच्या फरशीच्या फटीफटीत साठ वर्षांचा लाकडाचा भुसा. पण वरच्या मजल्याच्या तुळया अस्सल सागवानाच्या. मी त्यांना बोटाच्या पेरांनी वाजवून बघितलं आणि तिथंच ठरवलं.

मी दीपा मगदूम, वय एकावन्न, लग्न नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत तयार लोखंडी भाग तपासण्याचं काम करते. मापात नसलेल्या भागावर खडूनं फुली मारायची आणि तो परत भट्टीत पाठवायचा, हे माझं काम. पोरं मला मागून 'रिजेक्ट मॅडम' म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. सव्वीस वर्षांत मी सात घरमालकांच्या खोल्यांतून राहिले. एक जण माझा दिवा किती वाजता बंद होतो ते बघायचा. एकीनं 'लग्न ठरेपर्यंतच' या अटीवर जागा दिली आणि दर सणाला ठरलं का म्हणून विचारलं. एकाला मुलाच्या लग्नासाठी खोली हवी होती, म्हणून आठ दिवसांत निघ म्हणाला. मी निघाले. दर वेळी निमूटपणे निघाले, आणि त्या निमूटपणाचा मला आजही राग येतो.

घर होतं आकाराम मिस्त्रींचं. वय चौऱ्याऐंशी, आता हातकणंगल्याला लेकीकडे राहतात. ते पॅटर्नवाले. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी लाकडात तसाच्या तसा घडवतात, तो वाळूत दाबून साचा करतात, तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. मिस्त्रींनी घर स्वतः आखून, स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. शेजारचे दोन प्लॉट घेतलेला बिल्डर अमरसिंह त्यांना माझ्यापेक्षा बरंच जास्त देत होता. मिस्त्रींनी मला फक्त एक प्रश्न विचारला.

"पाडणार काय?"

"न्हाई."

"मग घे."

माझा सगळा पीएफ त्यात गेला. पुढचं वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी फरशीतला भुसा उकरला, जिना दुरुस्त करून घेतला, पत्रे बदलले. वरच्या दोन खोल्यांत राहायला लागले तेव्हा खालच्या कारखान्यात अजून लाकडाचा वास यायचा. मला तो आवडायचा.

अमरसिंह पहिल्यांदा आला तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन. माणूस गोड बोलणारा, चाळिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. "म्याडम, माझ्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट देतो तुम्हाला. लिफ्ट हाय, चोवीस तास पाणी हाय. हे द्या मला, माझा प्लॉट चौकोनी होतोय." मी पेढा खाल्ला आणि नाही म्हटलं. दुसऱ्यांदा तो हात हलवत आला. तिसऱ्यांदा मोजणीवाले आले.

मोजणीनंतर तो कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला. चेहरा दुःखी केलेला होता.

"तुमची पूर्वेची भिंत माझ्या जागेत आलीया, म्याडम. सव्वादोन इंच. आता मी काय करू सांगा. एक तर भिंत काढा, न्हाईतर घर मला द्या. पयल्या बोलीनंच देतो, माझ्या मनात काय वाईट न्हाई."

पूर्वेची भिंत म्हणजे माझं घरच. वरच्या मजल्याच्या सगळ्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. ती गेली की वरचा मजला गेला, आणि मग उरतो अमरसिंहाच्या चौकोनाचा एक तुकडा. त्याला ते माझ्याआधी कळलं होतं. मी कागद घेतला आणि दार लावलं.

पण मी मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. रविवारी सकाळी स्टीलची टेप घेऊन बसले. घराची रुंदी अठरा फूट हवी, ती भरली अठरा फूट सव्वादोन इंच. मोजणी बरोबर होती. मग म्हटलं, हा एवढा काटेकोर माणूस, चुकला कुठं? म्हणून घरभर टेप फिरवली. चार फुटांची खिडकी अर्धा इंच जास्त. दरवाजा साडेसहा फुटांचा, तोही जास्त. जुन्या जिन्याची रुंदी तीन फूट, तीही जास्त. मी आकडे कागदावर लिहीत गेले आणि मग पेन्सिल खाली ठेवली. इंचाच्या आठव्या भागाला आमच्याकडे सूत म्हणतात. खिडकी चार फूट, जास्त भरली चार सूत. जिना तीन फूट, जास्त तीन सूत. घर अठरा फूट, जास्त अठरा सूत.

फुटाला एक सूत. हा आकडा मी झोपेतसुद्धा ओळखला असता. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागं साधारण एक सूत. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा आखलेला असतो, म्हणजे थंड झालेला भाग बरोबर मापात उतरतो. आकाराम मिस्त्रींनी आपलं घर त्या पट्टीनं आखलं होतं. पश्चिमेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि सगळी चूक पूर्वेला जाऊन साठली. मी त्या रिकाम्या कारखान्यात एकटीच मोठ्यानं हसले. मग मला रागही आला, आणि सगळ्यात शेवटी मिस्त्रींची कीव आली.

हातकणंगल्याला गेले तेव्हा मिस्त्री पुढच्या सोप्यात बसून मोबाइलवर कुस्त्या बघत होते. मी भिंतीचं सांगितलं तसे ताठ झाले.

"माझं माप? उद्यमनगरात इचार जा. आकारामचा पॅटर्न कंदी परत आला न्हाई."

मी आकड्यांचा कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला. खिडकी, दरवाजा, जिना, घर. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. मोबाइलमध्ये कुस्तीच्या हलगीचा आवाज चालूच होता.

"कामावरनं सुटलो की जागेवर जायचो," ते म्हणाले. "पट्टी खिशातच असायची. लोखंड आकसतंय गं. भिंत कुठली आकसायला." मग मान वर न करता म्हणाले, "शेजारी तवा मोकळं रान हुतं. तरीबी दुसऱ्याच्या जागंत बोटभर जाया नको म्हणून पायासुद्धा सगळा आत घेतलाया मी. आन् बघ की. पाड बाय ती. म्हणशील तर अमरसिंगाच्या पाया पडाय मी येतो."

तिथं मात्र माझं डोकं फिरलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटभर जागेची भीती बाळगलेला, आणि त्यानं त्या पांढऱ्या शर्टाच्या पाया पडायचं?

"कुणी कुणाच्या पाया पडायचं न्हाई," मी म्हटलं. "चूक तुमची असंल, घर माझं हाय. भिंतीत काय काय हाय तेवढं सांगा मला."

मिस्त्रींनी माझ्याकडं नीट बघितलं. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. भिंत चौदा इंची होती, कारण खाली लाकूड कापायचं मशीन होतं आणि त्याचा हादरा बसायचा. आता मशीन नाही. नऊ इंचांची भिंत तुळयांना पुरेल. पण एकदम पाडली तर घर बसेल. "दोन-दोन फुटाचा पट्टा काढ," ते म्हणाले. "खालपास्नं वरपतोर. तुळईला जॅक लाव, पट्टा काढ, हद्दीच्या आत नवा बांध, चांगला वाळू दे. मग एक सोडून पुढचा. घाई केलीस तर मेलीस."

बेचाळीस फुटांचे एकवीस पट्टे झाले. मी गवंडी ठरवला, सयाजी, त्याच गल्लीत वाढलेला. अमरसिंहाला सांगायला गेले की भिंत काढतेय, बाहेरच्या गिलाव्यापुरती आठवडाभर तुमच्या बाजूनं परांची बांधायला जागा द्या.

"काढा की," तो म्हणाला. "पण माझ्या जागंत पाय टाकायचा न्हाई. साइट हाय, उद्या कोण पडलं-झडलं तर इन्शुरन्सचं लफडं." आणि त्यानं दुःखी चेहरा केला. त्याला तो सवयीनं जमायचा.

"मग आतनं करूया," मी सयाजीला म्हटलं.

"भायेरची भिंत आतनं?" सयाजीनं टोपी मागं सारली. "म्याडम, माझ्या बापानं केलं नसतं असलं काम."

"बापाला कशाला बोलावताय, तुमच्याशी बोलतीया मी."

बाहेरचा गिलावा आतून कसा करायचा, तेवढा एक प्रश्न होता, आणि तो माझ्या धंद्यानं सोडवला. फौंड्रीत साच्याला फळी लावतात तशी हद्दीच्या रेषेवर फळी उभी करायची. तिच्यावर आतून सिमेंटचा थर थापायचा, त्याला टेकून विटा चढवायच्या, आणि थर धरला की फळी वर ओढून घ्यायची. पहिल्या पट्ट्याला सयाजीनं पाच दिवस शिव्या घातल्या. सहाव्या दिवशी फळी ओढली आणि गुळगुळीत गिलावा बघून तो म्हणाला, "ह्याला म्हणत्यात डोस्कं." मी हद्दीच्या आत दोन सूत जास्तच सोडले होते. तपासणीवाली आहे मी, काठावर पास झालेलं मला चालत नाही.

दिवाळी संपल्यावर काम सुरू झालं. मी सकाळी लवकर उठून विटा भिजवायची, मग फौंड्रीत जायची. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायचं ही घरची सवय, तेवढी पाळली. बाकी सगळं आयुष्य सिमेंटात गेलं. ताटात धूळ, अंथरुणात धूळ, जिनालयात दर्शनाला गेले तरी पदरातून विटेचा चुरा गळायचा. एका वेळी भिंतीला दोन फुटांचं भगदाड असायचं आणि त्यातून अमरसिंहाची साइट दिसायची.

सातव्या पट्ट्याला त्या भगदाडातून अमरसिंह स्वतःच दिसला. तो त्याच्या हद्दीत, मी माझ्या, मध्ये पाच-सहा विटांची उंची.

"या पावणं," मी म्हटलं. "चहा घ्या."

"रस्त्यानं येतो की."

"एवढं कशाला फिरता? हिथनंच घ्या." मी कप त्याच्या हातात दिला. "फक्त कप परत करा. तो माझ्या हद्दीतला हाय."

तो हसला. चहाही प्याला. मग म्हणाला, "म्याडम, एवढा हट्ट कशापायी? एकटी बाई तुम्ही. उद्या काय दुखलं-खुपलं तर ह्या भिंती बघणार हायत काय तुमच्याकडं?"

त्याच्या आवाजात काळजी होती, खरंच होती, म्हणूनच मला जास्त राग आला. सातही घरमालकांच्या आवाजात अशीच काळजी असायची. मी कप मागून घेतला आणि सयाजीला म्हटलं, "चढवा विटा."

चौदाव्या पट्ट्याला जॅक घसरला. तुळई अर्धा इंच खाली बसली, वरच्या खोलीच्या फरशीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली आणि सयाजी थापी टाकून रस्त्यावर पळाला. कुणाला लागलं नाही. पण तो म्हणाला, "म्याडम, माझी दोन पोरं हायत," आणि घरी गेला. त्याला काय बोलणार? मी खाली विटांच्या ढिगावर बसले आणि रडले. एकटीनं, मोठ्यानं, नाक पुसत. तास-दीड तासानं वर बघितलं तर दारात वृषभ उभा. सयाजीनंच त्याला फोन केला होता.

तो आत आला, भगदाड बघितलं, वर चीर बघितली. मला वाटलं आता हा बॅग भरायला लावणार.

"अक्का, चल कुरुंदवाडला."

"न्हाई."

"हे घर तुझ्या डोक्यावर पडंल."

"पडू दे. माझंच पडंल ना?"

वृषभ माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी मी त्याला नदीवर पोहायला शिकवलं होतं, तेव्हा घाबरला की असाच बघायचा. मग त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि जॅकजवळ बसला. "किती फिरवायचा?" त्यानं विचारलं. आम्ही दोघांनी मिळून दिवस मावळेपर्यंत ती तुळई सुतासुतानं वर घेतली. त्या दिवशी जेवायला उशीर झाला आणि दोघांपैकी कुणीच त्यावर बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सयाजीही आला, त्यानं थापी उचलली.

शिमग्याच्या आधी एकविसावा पट्टा पुरा झाला. मीच अर्ज करून मोजणीवाल्यांना बोलावलं. गल्लीतल्या तिन्ही कारखान्यांतली माणसं काम सोडून बघायला आली. वृषभ आकाराम मिस्त्रींना हातकणंगल्याहून गाडीतून घेऊन आला. म्हातारा हातात टोपी धरून उभा होता, शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसा. मोजणी झाली. मोजणीवाले म्हणाले, "क्लिअर आहे. उलट भिंत दोन सूत आत आहे." मिस्त्रींनी टोपी डोक्यावर चढवली आणि पहिल्यांदा अमरसिंहाकडं सरळ बघितलं.

अमरसिंहानं माझ्या नव्या भिंतीवरून हात फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच नवल होतं.

"कमाल हाय तुमची," तो म्हणाला. "म्याडम, खरं सांगू? सव्वादोन इंचासाठी चार महिनं मातीत लोळलासा. एक शबूद टाकला असता माझ्याकडं, तर सोडून दिलं असतं की मी. राहा म्हटलं असतं, माझं काय जातंय."

मी त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"तेच नको हुतं," मी म्हटलं. "तुम्ही राहा म्हटलं असतासा आणि मी राहिले असते. मग तुमच्या पोरानं राहा म्हटलं असतं. रोज सकाळी ती भिंत बघून मला आठवलं असतं की हितं मी कुणाच्या तरी मर्जीवर हाय. राहा म्हणणारी सात माणसं झाली माझी, अमरसिंह. आठवा नकोय मला."

त्यानं मोजणीचे कागद गोळा केले आणि आपल्या साइटकडं गेला. मिस्त्री खाली कारखान्यात खुर्चीवर टेकले, वृषभ चहाला सांगायला गेला. मी सयाजीच्या पिशवीतून हातोडा आणि एक चार इंची खिळा काढला आणि वर गेले.

सव्वीस वर्षांत एकाही घरमालकानं मला भिंतीला खिळा मारू दिला नव्हता. गिलावा खराब होतो म्हणायचे. मी कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधायची, आरसा कपाटाला टेकवून ठेवायची. पूर्वेच्या भिंतीसमोर उभी राहिले, डोळ्यांच्या उंचीवर खिळा धरला आणि घाव घातला. खालून सयाजी ओरडला, "म्याडम, अवो ओला हाय अजून गिलावा! टवका उडंल!"

"उडू दे!" मी वरून ओरडले, आणि दुसरा घाव घातला. टवका उडालाच, चांगला तळहाताएवढा. खिळा आत गेला. त्याला काय अडकवायचं ते मी ठरवलंच नव्हतं.